डीडीटीचा इतिहास आणि श्राविकेचा यत्नाचार



चातुर्मास जवळ आला की आपल्या महिला मंडळात एक प्रश्न दरवर्षी निघतो. डासांची फवारणी करणारे कर्मचारी दारात आले, तर त्यांना घरात घ्यायचे की नाही? कुणी म्हणते, डास हा चतुरिंद्रिय जीव, आपल्या डोळ्यांदेखत कसा मारू द्यायचा? दुसरी म्हणते, नातवाला डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवस दवाखान्यात बसून काढलेत, आधी फवारणी, मग बाकीचे. दोघींचेही खरे असते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका गावी राहतात. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुनिया डोके वर काढतात. प्रश्न टाळावा म्हटले तरी टळत नाही.

या वेळी मी ठरवले की आधी इतिहास वाचायचा. आपल्या देशात हे औषध कसे आले, त्याने काय दिले, काय नेले, कुणाचा जीव वाचला आणि कुणाचा गेला. मी कॉमर्सची, त्यामुळे जमेची बाजू पाहिली की खर्चाची बाजू पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात आपल्या देशातूनच होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्याआधी लोकांना वाटे, हा ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर अभ्यास करून त्याने डास चावल्यानेच हा रोग पसरतो हे दाखवले. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. शत्रू कळला, पण उपाय तुटपुंजे होते. डबकी बुजवायची, साचलेल्या पाण्यावर तेल सोडायचे, पॅरिस ग्रीन नावाची आर्सेनिकयुक्त पूड टाकायची. मुंबईत डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवून दिले की शहरातला मलेरियाचा डास घरोघरच्या विहिरींत वाढतो. विहिरी झाका किंवा बुजवा असे फर्मान निघाले, तेव्हा धर्माच्या कारणाने विरोधही झाला. विहीर म्हणजे पूजेचे, विधीचे पाणी. म्हणजे आपल्या मंडळातला वाद शंभर वर्षांहून जुना आहे!

मग डीडीटी आले. हे रसायन १८७४ सालीच एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत तयार केले होते, पण त्याचा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला कळले की कीटकाचे पाय नुसते याला लागले तरी तो मरतो, आणि एकदा लावलेले औषध महिनोन्‌महिने टिकते. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या नेपल्स शहरात टायफसची साथ आली. हा रोग अंगावरच्या उवांमुळे पसरतो. लाखो माणसांच्या कपड्यांत डीडीटीची पूड मारली आणि ऐन हिवाळ्यात साथ आटोक्यात आली. म्युलरला १९४८ चे नोबेल मिळाले.

आपल्याकडे याचा मोठा प्रयोग पहिल्यांदा झाला तो जुन्या मुंबई प्रांतात. १९४६ साली डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार आणि धारवाड जिल्ह्यांतल्या खेड्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. आपल्यापैकी कित्येकींचे माहेर किंवा आजोळ त्या भागातले. तिथल्या जंगलपट्टीत मलेरियाने गावे ओस पडत, पेरणीच्या दिवसांत घरात उभे राहणारे माणूस नसे. फवारणीचा परिणाम इतका चांगला दिसला की सरकारला देशभर हेच करण्याचा धीर आला.

भिंतीच का, हे समजून घेण्यासारखे आहे. फक्त मादी डास रक्त पिते, कारण अंडी घालायला तिला ते लागते. पोट भरले की ती जड होते आणि जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवर औषध असेल तर ते पायांवाटे तिच्या अंगात जाते. मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली नाही तर रोग पुढच्या माणसाकडे जात नाही. म्हणजे फवारणीचा हेतू गावातला प्रत्येक डास मारणे हा कधीच नव्हता. रोगी माणूस आणि निरोगी माणूस यांच्यामधली साखळी तोडायची, एवढाच हेतू होता. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटला. पुढे सांगते का ते.

आता जमेची बाजू. १९४७ साली देशाची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी होती. त्यात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि सुमारे आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीत सरकारी मालकीचा डीडीटी कारखाना निघाला, पुढे केरळात आणि आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीलाही. १९५८ पासून 'नियंत्रण' शब्द जाऊन 'निर्मूलन' शब्द आला. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या वर्षाला लाखाच्या आसपास आली. साडेसात कोटींवरून एक लाख! बिहारमध्ये काळा आजार नावाचा रोग वाळूमाशीमुळे पसरतो, तोही याच फवारणीने जवळजवळ दिसेनासा झाला.

माझ्या लहानपणी खाकी कपड्यांतली माणसे पाठीवर पंप घेऊन गल्लीत यायची, ते आठवते. भिंतींवर पांढरट डाग पडायचे आणि दारावर ते तारीख लिहून जायचे. आमची आजी त्यांना ओसरीपासून माजघरापर्यंत येऊ द्यायची. स्वयंपाकघर आणि देवघर मात्र नाही. ते गेल्यावर ती णमोकार म्हणायची आणि त्यांना चहा द्यायची, पण अंगणातल्या नळावर साबणाने हात धुवायला लावून मगच.

आजीसारखे घरोघर घडत होते आणि सरकारी अहवालांतही त्याची नोंद आहे. स्वयंपाकघर आणि देवघर वगळली जात. सणाच्या तोंडावर फवारणी झाली की चार दिवसांत बायका भिंतींना शेणामातीचा हात देत किंवा चुना काढत. डाग कुणाला आवडणार? पण त्या सारवणाखाली औषध झाकले जाई आणि डास पुन्हा सुखाने भिंतीवर बसे. दुसरी गंमत ढेकणांची. सुरुवातीला डीडीटीने ढेकूणही मरत, म्हणून लोक फवारणीवाल्यांची वाट पाहत. पुढे ढेकूण औषधाला दाद देईनासे झाले, आणि 'या औषधानेच ढेकूण वाढतात' असे म्हणत लोक दार लावून घेऊ लागले.

डासांचेही तेच झाले. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून डीडीटीने न मरणारे डास दिसू लागले. शेतात कापसावर, भाज्यांवर तेच औषध बेसुमार मारले जात होते. अर्धवट मात्रेतून जे वाचत, त्यांचीच पिढी पुढे वाढे. त्यातच रोग गेला म्हणून लक्ष उडाले, पैसा कमी पडला. १९७६ साली देशात सुमारे ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. एक लाखावरून पुन्हा ६४ लाख. मग १९७७ मध्ये योजना नव्याने आखावी लागली. 'निर्मूलन' हा शब्द बाजूला ठेवून आधी मृत्यू थांबवा, रोग आवाक्यात ठेवा, असे धोरण आले.

आता खर्चाची बाजू. ती वाचताना मन जड झाले.

१९५८ साली केरळात शंभराहून अधिक माणसे विषबाधेने गेली. गव्हाचे पीठ आणि पॅराथिऑन नावाचे शेतीचे कीटकनाशक यांची वाहतूक एकत्र झाली होती. डबे गळले, पिठात विष मुरले आणि त्याच पिठाचे पदार्थ लोकांनी खाल्ले. खाणारे निष्पाप, रांधणारीही निष्पाप. देशाला कायदा करावा लागला, तो १९६८ चा कीटकनाशक कायदा. आज प्रत्येक डब्यावर रंगीत चौकोन दिसतो, तो याच कायद्याखालच्या नियमांमुळे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. त्यातल्या त्यात कमी विषारी, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी घटना शेजारच्या पाकिस्तानातली, १९७६ ची. डीडीटीला डास दाद देईनात, म्हणून तिथे मॅलॅथिऑन फवारायला घेतले. साडेसात हजार फवारणी कामगार होते. त्यांपैकी सुमारे २८०० जणांना एका हंगामात विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. काही मालात आयसोमॅलॅथिऑन नावाचा जास्त विषारी घटक मिसळलेला होता. आणि कामगार उघड्या हातांनी औषध कालवत, भिजलेले कपडे दिवसभर अंगावर तसेच ठेवत. औषध कातडीतून शरीरात जाते हे त्यांना कुणी नीट शिकवलेच नव्हते. साधे प्रशिक्षण, हात-पाय धुणे आणि कपडे बदलणे एवढ्याने पुढचे त्रास पुष्कळ कमी झाले.

तिसरी बाजू रेचेल कार्सन या बाईंनी जगापुढे आणली. १९६२ साली त्यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक आले. डीडीटी मातीत, पाण्यात वर्षानुवर्षे टिकते, किड्यांतून माशांत, माशांतून पक्ष्यांत साठत जाते. गरुडासारख्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन पिल्ले निपजेनाशी झाली. आईच्या दुधातही त्याचा अंश सापडला, आपल्या देशातही. पुढे कित्येक देशांनी शेतीत डीडीटी बंद केले, आपण १९८९ मध्ये. २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्याचा वापर फक्त रोग पसरवणाऱ्या कीटकांपुरता ठेवला, आणि तोही दुसरा चांगला उपाय हाताशी नसेल तेव्हा.

हा सगळा हिशेब पाहिल्यावर आपल्या मूळ प्रश्नाकडे येते.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायच्याच इराद्याने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला पूर्ण वर्ज्य. घरसंसारात, उद्योगात आणि संरक्षणात होते ती त्याला पूर्ण टाळता येत नाही, पण शक्य तितकी कमी करायची. फवारणी यातल्या कोणत्या खान्यात बसते यावर विद्वान चर्चा करतील. मी पंडित नाही. पण वर म्हटले तसे, रोगाची साखळी तोडणे हा हेतू आणि दिसेल त्या जीवाला मारणे हा हेतू, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या धर्मात भावाला मोल आहे.

काही जणी म्हणतात, आम्ही स्वतः काही मारत नाही, नगरपालिका करते ते करो. मला हे पटत नाही. पाप कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी लागते हे आपण प्रतिक्रमणात म्हणतोच. दुसऱ्याच्या पाठीवर पंप देऊन आपण मोकळ्या होत नाही. उलट त्या फवारणाऱ्या माणसाची जबाबदारी आपल्यावर येते. तो पंचेंद्रिय आहे, संज्ञी आहे, कुणाचा तरी मुलगा आहे. डासाची दया वाटावी आणि उघड्या हातांनी विष कालवणाऱ्या पोराची वाटू नये, ही कसली अहिंसा?

आणि दार लावून घेतले म्हणजेही आपण हिंसेतून सुटलो असे नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीत वाढलेला डास शेजारच्या बाळंतिणीला चावतो, तेव्हा तो कर्माचा धागा कुणाच्या दारातून निघतो?

अनर्थदंडविरती हे व्रत आपण जाणतो. ज्याने काही साधत नाही अशी हिंसा टाळायची. त्याच्या प्रकारांत प्रमादचर्या आहे, म्हणजे निष्काळजीपणा. इतिहास वाचताना मला पानोपानी हीच दिसली. फवारलेली भिंत चार दिवसांत सारवली, म्हणजे जीव गेले आणि रोगही थांबला नाही. कमी मात्रा मारली, तर जीव मेले आणि उरलेले अधिक चिवट झाले. पिठाशेजारी विष ठेवले. या सगळ्या हिंसेत कुणाचेच भले झाले नाही. म्हणून मी म्हणते, आपला धर्म सांभाळायचा तो यत्नाचाराने. मुनींच्या पाच समित्यांत आदान-निक्षेपण समिती आहे, वस्तू उचलताना-ठेवताना जपणे. उत्सर्ग समिती आहे, टाकताना जपणे. त्या महाव्रत्यांच्या आहेत, पण त्यांची सावली तरी आपल्या घरावर पडायला हवी.

प्रत्यक्षात काय करायचे ते सांगते.

पहिले आणि सर्वांत अहिंसक काम म्हणजे डास जन्मूच न देणे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून कोरडा करायचा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतू नका, कडा घासा. पाणी गाळून, झाकून ठेवायची आपली जुनी शिस्त इथे कामी येते. पाण्यात अळ्या होऊच दिल्या नाहीत, तर मारायची वेळच येणार नाही. टाकीला घट्ट झाकण, खिडक्यांना जाळी आणि झोपताना मच्छरदाणी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा बाळाला दुपारीही मच्छरदाणीतच निजवा.

घराच्या आत फवारणी व्हायची असेल तर धान्य, पाणी, भांडी, देवाचे साहित्य बाहेर काढा किंवा नीट झाका. लहान मुले, गरोदर सून, आजारी माणसे यांना बाहेर बसवा. भिंती वाळेपर्यंत, किमान तासभर, आत जाऊ नका. मग जमीन झाडून-पुसून घ्या. त्या भिंती पुढचे अडीच-तीन महिने सारवू किंवा रंगवू नका. रंगकाम काढायचे असेल तर फवारणीच्या आधी उरका.

फवारणाऱ्या माणसाकडे बघा. हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे आहेत का? नसतील तर कॉलनीच्या वतीने संबंधितांना कळवा. त्याला पाणी आणि साबण द्या, खाण्याआधी हात-तोंड धुवायला सांगा. उरलेले औषध विहिरीत, ओढ्यात, गटारात ओतू देऊ नका. रिकामा डबा धान्याला किंवा पाण्याला वापरू नका, कामवालीलाही देऊ नका. धुराच्या गाडीने त्या वेळी उडणारे डास मरतात, काही तासांनी परिस्थिती पूर्ववत होते. त्या धुरावर विसंबून पिंप उघडे ठेवणे म्हणजे पुन्हा अनर्थदंडच.

घरातले औषध मूळ बाटलीतच ठेवा, सरबताच्या बाटलीत कधीही नको. लेबल वाचा, चौकोनाचा रंग पाहा, कुलपात ठेवा. दोन औषधे एकत्र मिसळू नका. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळू नका. 'फुलांपासून बनवलेले' असे लिहिले म्हणून निर्धास्त होऊ नका. पायरेथ्रम शेवंतीच्या कुळातल्या फुलांतूनच येते आणि तरीही ते कीटकनाशकच आहे. अंगावर सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा. पोटात गेले तर घरगुती उपायांनी उलटी करवू नका, लेबलासकट बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा. तो कागद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो.

यंदा आपल्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत मी एवढेच सुचवणार आहे. चातुर्मास स्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मंदिर, धर्मशाळा आणि महाराजांच्या निवासाच्या आसपासचे सगळे साचलेले पाणी आपण बायकांनी मिळून हटवायचे. टाक्यांची झाकणे तपासायची, जाळ्या लावून घ्यायच्या. पाणी काढून टाकताना आधी पाहायचे, अळ्या दिसायच्या आतच हे काम उरकायचे. मग फवारणीची गरज उरलीच, तर ती कमीत कमी, योग्य मात्रेत आणि फवारणाऱ्याला जपून होऊ द्यायची. तुमच्या गावात असे काही करत असाल तर जरूर कळवा.

जय जिनेंद्र.